अडचणीच्या दिवसांत योसेफ कसा वाचावा
उद्यमनगरातलं लेथवरचं काम सुटलं, तेव्हा मी पहाटे रंकाळ्यावर बसून बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा ३७वा अध्याय उघडला. योसेफची गोष्ट तिथं सुरू होते. तिथूनच सुरू करा. रोज एकच अध्याय, तोही मोठ्यानं. समासात वयं लिहा: योसेफ गुलाम म्हणून विकला गेला तेव्हा १७, फारोपुढं, म्हणजे मिसरच्या राजापुढं, उभा राहिला तेव्हा ३०. मधल्या १३ वर्षांवर रेंगाळा. ४०व्या अध्यायात योसेफ सोबतच्या दोन कैद्यांना विचारतो, आज तोंडं का उतरलीत? स्वतः कैदेत असून! माझ्या मते त्याचं पुढारपण तिथंच दिसतं. त्यांतला एक, फारोला प्याला देणारा प्यालेबरदार, सुटला आणि योसेफला विसरला. पुढं दोन वर्षं गेली. त्या ओळीपाशी पेन्सिल ठेवा, प्रार्थना करा. मग उठून कुणाची तरी विचारपूस करा. मी पलीकडच्या आजींकडं चहा घेऊन जातो.