तर्री लाल, पण गोड

जर्मनीत आल्यावर माझ्या दुसऱ्याच रविवारी मी चार जणांना मिसळीला बोलावलं. आदल्या दिवशी दुकानातून लालभडक पूड आणली होती, वर ठसठशीत 'पाप्रिका' लिहिलेलं. तिखटच असणार म्हणून चांगले चार चमचे कटात घातले. तर्रीला रंग असा आला की कोल्हापूरची आठवण व्हावी. आणि चव? गोडसर. रविवारी इथे दुकानं बंद, त्यामुळे धावत जाऊन काही आणायचीही सोय नाही. पाहुण्यांनी शेव घालघालून ती संपवली.

तेव्हा पुडीवरचा दुसरा शब्द आधी वाचा. 'एडेलझ्यूस' म्हणजे गोड. 'रोझेनशार्फ' असेल तर जरा झणका, तोही आपल्या मानाने नावापुरता. खऱ्या तिखटासाठी भारतीय दुकानच गाठा.

भाजीलाही इथे पाप्रिकाच म्हणतात. 'कॅप्सिकम' म्हणालात तर समोरचा नुसता बघत राहील. तो शब्द आपला आणि ऑस्ट्रेलियावाल्यांचा. ऑफिसातला अमेरिकन 'बेल पेपर' म्हणेल, ब्रिटिश नुसतं 'पेपर'. आपल्यात तरी कुठे एकमत आहे? मी ढब्बू म्हणते, नवरा नागपूरचा, त्याची ती शिमला मिरची, पुण्याच्या मैत्रिणीची ढोबळी. लेक सरळ पाप्रिका म्हणून मोकळी होते.

फोनवर 'पेपर'चं भाषांतर करून दुकानात विचारू नका. बहुधा 'फेफर' असं उत्तर येईल आणि हातात मिऱ्याची डबी पडेल. हा घोळ कोलंबसच्या काळापासूनचा आहे. तो निघाला मिरीच्या शोधात, सापडली मिरची, आणि तिला नाव दिलं गेलं मिरीचंच. आपण तरी वेगळं काय केलं? मिरीवरूनच मिरची. पाप्रिका हा शब्द हंगेरियनमधून आला, पण त्याच्याही मुळाशी मिरीसाठीचा स्लाव्हिक शब्द आहे.

सगळ्यात फसवा शब्द 'पेपरोनी'. जर्मनीत ती लांबुडकी तिखट मिरची, पुष्कळदा व्हिनेगरात मुरवलेली. गाडीत बसून झुरिकला गेलात की तोच शब्द ढोबळ्या मिरचीचा होतो, आणि तिखट मागायची तर 'पेपरोन्चिनी' म्हणावं लागतं. इटलीतही पेपरोनी म्हणजे ढोबळ्या मिरच्याच. अमेरिकेत मात्र पिझ्झ्यावरची ती सलामी, सहसा डुकराच्या आणि गाईच्या मांसाची. इथल्या काही पिझ्झ्यांवरही आता त्याच नावाने सलामी असते. मांस न खाणाऱ्यांनी शब्दावर विसंबू नये, 'फेगेटारिश?' असं विचारून घ्यावं. वेटरला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता खरेदी. सुपरमार्केटात लाल, पिवळी, हिरवी अशी तिघींची पिशवी मिळते. हिरवी म्हणजे न पिकलेली, लाल म्हणजे पिकलेली, म्हणून ती जास्त गोड. पीठ पेरून भाजी करायची असेल तर लालच्या वाटेला जाऊ नका. जाड गर, पाणी फार सुटतं, बेसनाचा गोळा होतो. मीही आधी निमूटपणे हिरवीच वापरायचे, मग शेजारणीने तुर्की दुकान दाखवलं. तिथे 'दोल्मा बिबेर' मागा. पातळ सालीची, फिकट हिरवी, मुठीएवढी. ती भात भरून शिजवायला घेतात, पण आपल्या भाजीला याहून चांगली मिरची इथे मला मिळालेली नाही. तेलात जिरं-हिंग, मिरची अर्धी शिजली की वरून बेसन भुरभुरायचं, झाकण न ठेवता परतायचं.

त्याच दुकानात 'सिव्री बिबेर' ही लांब, निमुळती मिरचीही असते. तिखट निघेल की नाही याचा नेम नाही, म्हणून विचारूनच घ्या. गोडीला 'तात्ली' म्हणतात. तिखटाचा शब्द उच्चाराला जवळजवळ 'आजी' आहे, आणि माझी आजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो पाठ करावा लागत नाही.