सातबारा आठवा आणि भावाच्या पाठीवर मणके मोजा

फिजिओच्या फर्स्ट इयरला कणा पटकन डोक्यात बसत नाही, कारण पुस्तकात सगळे मणके सारखेच दिसतात. मला तो कळला लालबागच्या आमच्या खोलीत, दादाच्या उघड्या पाठीवर आईच्या काजळपेन्सिलीने ठिपके काढत. तुम्हीपण घरातलं कोणीतरी पकडा.

आधी आकडे. गावच्या जमिनीचा सातबारा असतो ना, तोच आठवायचा: मानेत 7, छातीच्या मागे 12. खाली कंबरेत 5, मग 5 जुळून झालेलं त्रिकोणी सेक्रम आणि शेवटी माकडहाड, त्यात बहुतेकांना 4 बारके तुकडे. टोटल 33, पण त्यातले सुटे वरचे 24च.

आता माणसाला स्टुलावर बसवा, स्वतःलाच मिठी मारल्यासारखे हात बांधायला लावा आणि मान खाली, म्हणजे विरार फास्टमध्ये समोरचा मोबाईलमध्ये घुसलेला असतो तशी. कॉलरपाशी जो उंचवटा वर येतो तो मानेचा सातवा, सी सेव्हन. पण घोळ इथेच होतो, कधी दोन-तीन उंचवटे दिसतात, काहींचा तर खालचा टी वनच (छातीचा पहिला) जास्त वर असतो. म्हणून लागोपाठच्या दोन उंचवट्यांवर एकेक बोट ठेवा आणि मान हळूच मागे घ्यायला सांगा, सहावा बोटाखालून आत सरकतो, सातवा जागेवर राहतो. मी हे न करताच मोजलं, सहाव्यालाच सातवा धरला आणि दादाला छातीचे तेरा मणके निघाले, मग काय, दोन दिवस तो चाळभर सांगत फिरला की मी स्पेशल पीस आहे.

तिथून खाली एकेक ठिपका देत चला. बोटाला लागतं ती मणक्याची मागची शेपटी, स्पायनस प्रोसेस, अख्खा मणका नाही. छातीच्या मधल्या मणक्यांच्या शेपट्या कौलांसारख्या एकावर एक खाली झुकलेल्या असतात, त्यामुळे शेपटीचं टोक साधारण खालच्या मणक्याच्या लेव्हलला येतं. कंबरेच्या मात्र जाड आणि सरळ मागे आलेल्या, त्या लगेच कळतात.

चेक करायचं तर हात सोडून खाली लोंबू द्या (मिठीत फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, बाहेर सरकतो), फऱ्याचं खालचं टोक साधारण टी सेव्हनपाशी येतं. कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर हात ठेवून अंगठे मध्ये आणले की एल फोरच्या (कंबरेचा चौथा) आसपास. त्याखालच्या दोन खळ्या म्हणजे एस टू, सेक्रमचा दुसरा. एखाद्या मणक्याचा फरक पडला तर टेन्शन नको, प्रत्येकाची बॉडी वेगळी असते.

बरगड्या पुढून मोजा. पहिली कॉलरबोनच्या आड लपते, तिला शोधत बसू नका. गळ्याखालच्या खाचेतून बोट छातीच्या हाडावरून दोन-तीन बोटं खाली आणा, आडवा कंगोरा लागेल, त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिथून पुढे मोजायचं. 12 जोड्या, बायकांनाही तेवढ्याच (हो, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत विचारतात). वरच्या 7 स्वतःच्या कूर्चेने थेट छातीच्या हाडाला, 8 ते 10 वरच्या कूर्चेवर टेकलेल्या, 11 आणि 12 पुढून मोकळ्याच.

टेबलावर सुटा मणका ठेवला तर आधी बाजूच्या पंखात भोक बघा, असेल तर मानेचा. बरगडी टेकायची गुळगुळीत जागा असेल तर छातीचा, दोन्ही नसेल तर कंबरेचा. आणि मावशी म्हणते ना 'मणक्यात गॅप आलाय', ते बहुतेक वेळा उलटं असतं, मधली गादी झिजून गॅप कमी झालेला असतो.

काजळ वॉटरप्रूफ असेल तर खोबरेल तेलाने पुसा. दादाच्या पांढऱ्या बनियनला आतून अठरा ठिपके अजून आहेत.