‘मला हे शोभत नाही’ म्हणण्याआधी: कपडे निवडताना आणि शिवताना या चुका टाळा

हौसेने घेतलेला कुर्ता दोनदा अंगावर चढतो आणि कपाटाच्या तळाशी जातो. लग्नासाठी शिवलेला ब्लाउज पुन्हा बाहेर निघत नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘मला असले काही शोभत नाही.’ हा निकाल फार घाईचा आहे. कपड्यात अवघडल्यासारखे वाटते तेव्हा दोष बहुतेक वेळा अंगकाठीचा किंवा वयाचा नसतो; तो मापाचा, कापडाचा किंवा प्रसंगाच्या निवडीचा असतो, आणि कपडा नेमका कुठे अडतो आहे हे कळले तर त्यातले बरेचसे दोष शिंप्याकडच्या एका फेरीत दुरुस्त होतात.

खांदा न पाहता कपडा घेणे

तयार कपडा घेताना आपण एम, एल, एक्सएल ही अक्षरे पाहतो, फार तर छातीचे माप पाहतो. पहिली नजर मात्र खांद्यावर जायला हवी. मुद्दाम उतरत्या खांद्याची शिलाई असलेले कपडे सोडले, तर खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. ती दंडावर उतरली की कपडा मागून आणल्यासारखा दिसतो आणि गळ्याकडे सरकली की हात पुढे नेताच पाठ आवळते. कमर, घेर, बाहीची लांबी नंतर कमी करता येते. खांदा दुरुस्त करायचा तर बाही उसवून पुन्हा बसवावी लागते आणि एवढे करूनही तो क्वचितच मनासारखा होतो. म्हणून खांद्यात न बसणारा कपडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाकीचे दोष कपडा स्वतःच दाखवतो. बटणांच्या मधून फट पडत असेल तर छातीत जागा कमी आहे. कमरेखाली आडव्या ताणलेल्या सुरकुत्या पडत असतील तर तिथला घेर कमी आहे. पाठीवर उभ्या सैल घड्या लोंबत असतील तर कपडा रुंद आहे. पॅन्ट बसताना काचते म्हणून अनेक जण कमर सैल करून घेतात, पण पुष्कळदा आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) आखूड असते आणि कमर वाढवून तो प्रश्न सुटत नाही.

सर्वांत जास्त गैरसमज मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जिथे धडाला जोडली जाते त्या गोलाईबद्दल आहे. हात वर केला की अख्खा कुर्ता किंवा ब्लाउज वर ओढला जातो, तेव्हा आपण शिंप्याला सांगतो, ‘दादा, मुंढा जरा खोल करा.’ याने त्रास वाढतो. मुंढा जितका खाली उतरतो तितकी बाही धडाला खालून जोडली जाते, आणि हात उचलताना ती सगळा कपडा बरोबर घेऊन वर येते. मुंढा काखेच्या जवळ, पण न काचेल असा ठेवून दंडाशी बाहीची रुंदी थोडी वाढवली तर हात मोकळा फिरतो. दुकानात कपडा घालून पाहताना आरशासमोर ताठ उभे राहणे पुरेसे नाही. सांगली-मिरज बसमध्ये दांडी धरतो तसा हात वर करावा, स्टुलावर बसून पाहावे, वाकून चपलेचा पट्टा लावून पाहावा. दिवसभर आपण याच हालचाली करणार असतो.

शिवून घेणाऱ्यांची एक चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मापाला म्हणून जुनाच ब्लाउज दिला जातो आणि त्यातला दोष प्रत्येक नव्या ब्लाउजात तसाच उतरतो. मधल्या काळात अंगही बदललेले असते. दर वर्षी एकदा तरी अंगावर माप द्यावे, आणि बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे आत दुमडलेले जास्तीचे कापड, ठेवायला सांगावे, म्हणजे पुढे कपडा सैल करता येतो.

ऋतू विसरून कापड निवडणे

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो, आणि अशा दुपारी पॉलिएस्टरचा शर्ट घालणाऱ्याला आपण गबाळे दिसतो आहोत असे वाटू लागते. यात त्याच्या राहणीचा काही दोष नाही. प्रमाणित हवेत, म्हणजे चाचणीसाठी ठरवलेल्या तापमानात आणि आर्द्रतेत, सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. त्यामुळे घाम कापडात मुरण्याऐवजी अंगावरच राहतो. पावसाळ्यात गणित बदलते. जाड सुती कापड आणि जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास धरतात, तेव्हा सूत आणि पॉलिएस्टरचे मिश्र कापड जास्त सोयीचे ठरते. ‘कॉटनच चांगले’ हा नियम बारमाही पाळण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे मीटरने कापड घेऊन शिवणे अजून सोपे आहे. १९०४ साली यंत्रमाग सुरू झालेले इचलकरंजी सांगलीहून तासाभराच्या अंतरावर आहे, आणि सांगली जिल्ह्यातल्या विट्यातही माग चालतात. मात्र विणताना धागे ताणलेले असतात आणि पहिल्या धुण्यात तो ताण सुटून सुती कापड आटते. म्हणून कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे. हे न केल्यामुळेच पहिल्या धुण्यानंतर कुर्ता आखूड होतो, आणि दोष शिंप्याच्या माथी मारला जातो.

रंगाबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की दुकानातल्या दिव्याखाली निर्णय करू नये. कापड दारापर्यंत नेऊन उन्हात, चेहऱ्याजवळ धरून पाहावे.

दुसऱ्याच्या आयुष्यासाठी खरेदी करणे

दुकानातल्या पुतळ्याच्या अंगावरचा कपडा बऱ्याचदा मागून टाचण्या लावून नेटका केलेला असतो, आणि फोनवरच्या छायाचित्रांतही तसेच असते. ते पाहून घेतलेला कपडा आपल्या अंगावर तसा दिसत नाही म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट रोजच्या जगण्याची. दिवसातले आठ तास शाळेत उभे राहून शिकवणाऱ्या बाईंची साडी किंवा मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमध्ये वावरणाऱ्या माणसाचा शर्ट त्या कामात टिकला पाहिजे. आपली अर्धी खरेदी मात्र वर्षातून चार वेळा येणाऱ्या समारंभांसाठी होते आणि रोजसाठी ‘असले कोणतेही’ उरते. माझ्या मते हे उलट असावे. चांगले कापड आणि नीट शिलाई आधी रोजच्या कपड्यांना मिळावी.

आजीची इरकलही समारंभासाठीच राखल्यामुळे ट्रंकेत पडून राहते. सुती अंगाची, लाल रेशमी पदराची ही साडी कर्नाटकातल्या इलकलहून आपल्याकडे आली आणि या भागात पिढ्यान्‌पिढ्या नेसली गेली. तिच्यावर साध्या सुती कापडाचा, नीट मापाचा ब्लाउज शिवला तर ती कामाच्या दिवशीही शोभते.

नवे काही पहिल्यांदा घालायचा दिवस मुलाखतीचा किंवा साखरपुड्याचा असू नये. आधी एक संध्याकाळ घरात, मग एकदा भाजी आणायला जाताना घालावे. कुठे टोचते, काय सारखे सावरावे लागते ते तेव्हाच कळते, आणि पदर किंवा ओढणी सावरण्यात लक्ष अडकलेले नसले की बोलण्यातही सहजपणा येतो. ‘या वयात असला रंग?’ असे एखाद्या काकूंनी विचारलेच, तर कपडा अंगाला नीट बसतो का आणि आपल्याला त्यात मोकळे वाटते का, एवढे तपासावे. दोन्हींचे उत्तर होय असेल तर बदलण्यासारखे काही नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी सर्वांत जास्त घातले जाणारे तीन कपडे पलंगावर पसरावेत आणि त्यांचा गळा, लांबी, बाही आणि कापड यांत काय सारखे आहे ते लिहून काढावे. नव्या कुर्त्याचे कापड शिंप्याकडे देताना ही यादी आणि त्यांतला सर्वांत आवडता कपडा बरोबर न्यावा, त्यात काय तसेच हवे आणि काय बदलायचे ते बोट ठेवून दाखवावे, आणि माप मात्र नव्याने अंगावरच द्यावे.