गाळा आधी, गिऱ्हाईक नंतर? पहिल्या धंद्यातल्या या चुका टाळा

मी प्रकल्प अहवाल लिहून देण्याचं काम करतो. पदवीचे निकाल लागले की एखादा मुलगा वडिलांना घेऊन येतोच. गाळ्याचं डिपॉझिट भरलेलं, बोर्ड रंगवलेला, कंपनीही नोंदवलेली. मग विचारतो, "सर, आता सबसिडी कशी मिळेल?" धंद्याची कल्पना बहुतेक वेळा बरी असते, क्रम तेवढा उलटा. लाकडी घाण्याचंच बघा. आमच्या भागात इतके घाणे निघाले आणि बंद पडले की त्यांचे आकडे मला पाठ झालेत.

मशीन बसवलं, मग अर्ज केला

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, नव्या उद्योगासाठी आहे. मामाकडून उसने घेऊन घाणा सुरू केला आणि नंतर अर्ज केला, तर तो 'चालू युनिट' म्हणून बाद होतो. दुसरा गैरसमज याहून महागात पडतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के अनुदान आहे, शहरात 15. महिला, एससी, एसटी, ओबीसी यांना 10 टक्के जास्त. पण ही रक्कम हातात येत नाही. ती 3 वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते आणि मग कर्जात वळती होते. "सबसिडी आली की शेंगदाण्याचे पैसे देतो," असं आडत्याला सांगून आलेली मुलं मी पाहिलीत.

अण्णासाहेब पाटील महामंडळ मुख्यतः मराठा तरुणांच्या धंद्याच्या कर्जावरचं व्याज परत देतं. त्यातही आधी पात्रता प्रमाणपत्र, मग कर्ज. आणि हप्ता वेळेवर भरला तरच व्याज परत मिळतं.

मशीन आधीच बसलं असेल तर पीएमईजीपीच्या मागे चपला झिजवू नका. मुद्रा कर्ज चालू धंद्यालाही मिळतं. त्यात अनुदान नाही, पण तारणही लागत नाही.

डायरेक्टर व्हायची हौस

व्हिजिटिंग कार्डावर 'डायरेक्टर' छान दिसतं, मान्य. पण प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला एका रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट लागतं. वार्षिक फॉर्म भरायला उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले की 73,000 झाले. कंपनी नुसतीच पडून असेल तर ती रीतसर बंद करायचा अर्ज करा, विसरून जाऊ नका.

सुरुवातीला एकट्याच्या मालकीचा धंदा पुरतो. उद्यम नोंदणी फुकट आहे, तिचे दोन-तीन हजार मागणाऱ्या एजंटला नमस्कार करा. 20 पेक्षा कमी कामगार असतील तर 2017 च्या दुकाने कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र पहिल्या बाटलीआधी हवी. आणि तेल सुटं विकू नका, बाटलीबंदच विका. (लिटरभर शेंगदाणा तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. त्यावरून गिऱ्हाईक भांडायला येणारच, लेबलवर दोन्ही आकडे टाका.)

स्वतःचा पगार धरलाच नाही

एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. 120 रुपये किलोने धरले तर 300 झाले. पेंडीचे 55 परत आले. बाटली-लेबल 20, वीज-मजुरी 25. म्हणजे 290 ला पडलं, 320 ला विकलं, राहिले 30. इथवर सगळे हिशेब करतात आणि खूश होतात.

आता गाळ्याचं भाडं 8,000, कर्जाचा हप्ता 14,000 आणि तुमचा पगार निदान 15,000 धरा. महिन्याला 37,000 काढायला 1,233 लिटर तेल खपायला हवं. घरटी 3 लिटर धरलं तरी चारशेच्या वर नेहमी घेणारी घरं लागतात. मुलाला विचारलं, किती घरं आहेत? उत्तर येतं, "सोसायटीत बरेच जण म्हणालेत घेऊ म्हणून."

म्हणालेत! पहिली बाटली ओळखीवर जाते. आत्या घेते, शेजारचे काका घेतात, वर्गमित्र स्टेटसला फोटो लावतो. आणि उधारीही इथेच सुरू होते, कारण आत्याकडे पैसे मागणार कसे?

म्हणून गाळा घेण्याआधी दुसऱ्याच्या घाण्यावर तेल काढून घ्या आणि तीन महिने पन्नास घरांत रोखीने विका. पीएमईजीपीला जायचं असेल तर ही चाचणी 'चालू युनिट' धरली जाईल का, ते जिल्हा उद्योग केंद्रात आधीच विचारून ठेवा. वहीत दोनच रकाने आखा, पहिली बाटली आणि दुसरी बाटली. दुसऱ्या रकान्यात दहाच नावं भरली तर भाव, वास, बाटली, काहीतरी अडतंय. ते शोधायला आणखी तीन महिने लागले तरी चालतील, कारण तेवढ्या काळात गाळ्याचं भाडं तुमच्या डोक्यावर नसतं.