रेघ पुसता येते तोवर : आरोग्य परिणाम मूल्यांकनाच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. एप्रिलचं ऊन होतं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात ट्यूबलाइट चालू होती. खिडकी होती, पण बंद. उघडून पाहिली तर समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, खाली दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वरून टाकलेला कचरा. घरातल्या मावशी म्हणाल्या, "उघडी ठेवली तर वास येतो आणि उजेड तसाही येत नाही. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, बघा." मी तेव्हा फिजिओथेरपीची पदवी घेऊन देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. वहीत लिहिलं : कपडे, दोन दिवस. पुढे ज्या कामात मी पडले त्यातली ती माझी पहिली नोंद.

रेल्वे रुळांलगतच्या झोपड्यांमधली कुटुंबं एमयूटीपी, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात इथे आणली गेली. प्रत्येकाला २२५ चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं. नियमांत सवलत दिल्यामुळे दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर राहिलं. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने केलेला अभ्यास २०१८ साली पुढे आला. त्यात लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये साधारण दहा घरांमागे एका घरात क्षयरोग आढळला. त्याच भागातल्या पीएमजी कॉलनीत हेच प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होतं. तिथे इमारती एकमेकींपासून लांब आहेत, खिडकीतून वारा आणि ऊन आत येतं. भाग तोच, हातावर पोट असणारी माणसंही तशीच. त्या सवलतीमुळे जागेवर किती घरं बसतील याचा हिशोब झाला होता. खालच्या मजल्यावर ऊन किती वेळ येईल, याचा हिशोब मागण्याची सक्ती कुणावरच नव्हती.

आमचं काम म्हणजे तो हिशोब आधी मागणं. रस्ता, पूल, पुनर्वसन वसाहत, बाजार, कचरा हस्तांतरण केंद्र यांतलं काहीही महापालिका बांधायला निघाली, की त्यामुळे कुणाच्या तब्येतीला काय होईल, ते नकाशा बदलता येत असतानाच सांगायचं. जगभर या आरोग्य परिणाम मूल्यांकनाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : मूल्यांकनाची गरज आहे का हे पाहणं, व्याप्ती ठरवणं, परिणाम तपासणं, शिफारशी, अहवाल आणि मग देखरेख. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल, त्यामुळे त्यात मी तुमचा वेळ घेत नाही.

आपल्याकडे हे मूल्यांकन कायद्याने बंधनकारक नाही. २००६ची पर्यावरण परिणाम अधिसूचना २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांना लागू होते, पण त्यात आरोग्य बाजूला पडतं आणि इमारत प्रकल्पांना जनसुनावणीही लागत नाही. शहरातला साधा रस्ता रुंद करायचा तर त्यासाठी काहीच नाही. म्हणजे तुम्हाला कुणी बोलावणार नाही. आपणच वेळेवर दारात उभं राहायचं.

मी उशिरा उभी राहिले, त्याची हकीकत सांगते. राज्यातल्या एका महापालिकेचा रस्ता रुंदीकरणाचा प्रकल्प होता. सल्लागार संस्थेकडून मी आरोग्याचा भाग पाहत होते. मेहनत घेतली, दीड महिना सर्वेक्षण केलं, आवाज मोजला, अपघातांच्या नोंदी पोलीस ठाण्यातून काढल्या, साठ पानी अहवाल दिला. तो पोहोचला तेव्हा निविदा उघडून कार्यादेश निघाला होता. कार्यकारी अभियंत्यांनी अहवाल नीट वाचला, चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, हे सगळं बरोबर आहे. पण आता एक आयटम बदलायचा तर फाइल पुन्हा स्थायी समितीपुढे जाईल." त्यांची चूक नव्हती. माझा अहवाल डीपीआरच्या, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल बनण्याच्या वेळी त्यांच्या टेबलावर असायला हवा होता.

रस्ता झाला. त्यावर डायलिसिस केंद्र असलेला दवाखाना आहे आणि बसथांबा रस्त्यापलीकडे. दुभाजकातली फट जवळपास अर्धा किलोमीटर पुढे. उद्घाटनानंतर महिन्याभराने मी तिथे गेले. एक गृहस्थ डायलिसिस संपवून बाहेर आले, कोपराजवळ पट्टी, चेहरा ओढलेला. मुलाने त्यांना काखेत धरून दुभाजकावर चढवलं, पलीकडून आलेला ट्रक जाऊ दिला आणि मग उतरवलं. आठवड्यातून दोनदा-तीनदा हे करायचं. अहवालाच्या एक्केचाळिसाव्या पानावर मी ही अडचण लिहिली होती. वाक्य होतं : "पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा योग्य विचार व्हावा."

त्या वाक्याचा मला आजही राग येतो. उशीर तर झालाच होता, पण वेळेत दिलं असतं तरी त्या वाक्याने काय बदललं असतं? अभियंत्याला ते अंदाजपत्रकात कुठे लिहिता येणार होतं? हेच असं लिहायला हवं होतं : दवाखान्याच्या फाटकासमोर, चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) अमुक, पदपथाच्या उंचीचं चार मीटर रुंद क्रॉसिंग, दुभाजकात थांबायला जागा, बसथांबा वीस मीटर अलीकडे. हे दरसूचीत बसवता येतं, त्याची किंमत काढता येते, आणि नाकारायचं झालं तर कारण लिहावं लागतं. शिफारस म्हणजे अभियंत्याच्या हातात देता येईल अशी ओळ, हे मला तिथे कळलं.

आता शिकायचं काय. डॉक्टर, नर्स, फिजिओ, समाजकार्य, वास्तुशास्त्र, नियोजन, कुठूनही आलात तरी चालेल. आरोग्याच्या बाजूने येत असाल तर नकाशा वाचायला शिका. नकाशाचं प्रमाण, क्रॉस सेक्शन (आडवा छेद), समास अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), चेनेज, एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम चालतं ते प्रमाण). एखाद्या कनिष्ठ अभियंत्याबरोबर दोन दिवस साइटवर फिरा, महिनाभराच्या वर्गाचं काम होतं. नियोजनाच्या बाजूने येत असाल तर रोग कसा पसरतो आणि दर कसा काढतात ते शिका. दहा घरांमागे एक आणि हजार माणसांमागे एक यांतला फरक कळला नाही तर पहिल्याच बैठकीत तुमचं बोलणं मागे पडेल. टिस आणि तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र इथे सार्वजनिक आरोग्याचा चांगला पाया मिळतो. या मूल्यांकनाच्या पद्धतीचा सराव मात्र कामातच होतो.

माझ्या जुन्या शिक्षणाचा उपयोग मला अनपेक्षित ठिकाणी झाला. सिग्नलवर रस्ता ओलांडायला वेळ देताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारण धरतात. फिजिओथेरपीत मी शेकडो वयस्कांची चाल मोजली होती. सेकंदाला ०.८ मीटर ही कित्येकांची रोजची चाल. अठरा मीटरचा रस्ता पहिल्या हिशोबाने पंधरा सेकंदांत पार होतो, दुसऱ्या हिशोबाने साडेबावीस लागतात. मधले साडेसात सेकंद आजी रस्त्याच्या मध्यात असतात. हे वाक्य बैठकीत म्हटलं की वाद होत नाही. तुमच्या शिक्षणातही असं एक माप असेल, ते शोधा.

माहितीसाठी आधी वरच्या कार्यालयात धावू नका. पोर्टलवरचे आकडे वॉर्डपर्यंत येतात आणि थांबतात. आरोग्य स्वयंसेविकेच्या वहीत इमारत क्रमांक असतो, मजला असतो. कुठल्या जिन्यात खोकला जास्त आहे ते ती तोंडी सांगते. मात्र तिच्या वहीतलं एकही नाव तुमच्या अहवालात जाता कामा नये. क्षयरोगाचं नाव घराला चिकटलं की मुलीचं लग्न अडतं, कामावरून काढतात. मी मजल्यापर्यंतची मोजणी करते, दाराचा क्रमांक लिहीत नाही.

आणि लोकांना विचारताना "प्रकल्पाचा तुमच्या आरोग्यावर काय परिणाम होईल?" असं विचारू नका. दिवस विचारा. पाणी किती वाजता भरता, मुलं कुठे खेळतात, रात्री खिडकी उघडी असते का, दवाखान्यात जायला रिक्षाला किती देता. परिणाम त्यातून आपोआप बाहेर येतात. मुंबईतल्या माहुलचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. तानसा जलवाहिनीवरच्या झोपड्या हटवून कुटुंबं तिथे नेली गेली, रिफायनरीच्या शेजारी. परिसरातल्या हवेचा प्रश्न २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे आला होता, तरी पुनर्वसन तिथेच झालं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे राहू न इच्छिणाऱ्यांना दरमहा १५,००० रुपये भाडं देण्याचा आदेश दिला. इमारती उभ्या होत्या, आणि लोक त्यांतून बाहेर पडण्यासाठी भांडत होते.

वेळेवर बोललं तर फरक पडतो, याचं एक उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देते. सॅन फ्रान्सिस्कोत ट्रिनिटी प्लाझा नावाची, नियंत्रित भाड्याच्या ३६० घरांची इमारत पाडायची होती. शहराच्या आरोग्य विभागाने मंजुरीच्या टप्प्यातच मांडलं, की बेघर होणं हाही आरोग्यावरचा परिणाम आहे, तोही तपासा. रहिवाशांची चळवळ भक्कम होती, तिला या मांडणीचं बळ मिळालं. शेवटी नव्या प्रकल्पात तेवढीच नियंत्रित भाड्याची घरं ठेवायचं ठरलं.

नोकरीबद्दल खरं सांगते. "आरोग्य परिणाम मूल्यांकन" अशा नावाची जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल. पर्यावरण सल्लागार संस्था, जागतिक बँकेच्या कर्जावरचे प्रकल्प (त्यांच्या चौकटीत चौथं मानक समुदायाचं आरोग्य आणि सुरक्षितता हेच आहे), शहरांबरोबर काम करणाऱ्या संस्था इथे शिरकाव होतो. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. नोकरी नसतानाही एक सराव करता येतो : तुमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांची मुदत मिळते. एक आरक्षण, म्हणजे बाग, शाळा, दवाखाना अशा कामासाठी राखलेली एक जागा निवडा, जागेवर जा आणि दोन पानांची सूचना लिहा, आकड्यांसह. सुनावणीला स्वतः जा. मुंबईचा २०१५चा प्रारूप आराखडा लोकांच्या हरकतींमुळेच मागे घेऊन नव्याने करावा लागला होता.

गेल्या पावसाळ्यात एका छोट्या शहराच्या नगर अभियंता विभागात बसले होते. बाजारपेठेतला चौक, कोपऱ्यावर प्रसूतिगृह. यावेळी अंदाजपत्रकही झालेलं नव्हतं. कनिष्ठ अभियंता पंचविशीचा, स्क्रीनवर चौक उघडून बसलेला. मी बाळंतिणींबद्दल, व्हीलचेअरबद्दल, हात धरून चालणाऱ्या सासू-सुनांबद्दल बोलत होते. त्याने ऐकून घेतलं आणि माउसवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, आकडा सांगा. मी लाइन हलवतो."

"एक पॉइंट आठ मीटर," मी म्हणाले. "मोकळा पदपथ. विजेचे खांब वगळून."