सभेत गोष्ट सांगून लोकांना कृतीकडे कसे वळवावे

ठाण्याच्या नौपाडा भागातील आमची इमारत तीस वर्षांहून जुनी आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यावे लागते. मानद सचिव या नात्याने मी वार्षिक सर्वसाधारण सभेत हा नियम कलमासह वाचून दाखवला, खर्चाचा तक्ता वाटला आणि सभासदांनी तो तक्ता शांतपणे घडी घालून वारा घेण्यासाठी वापरला. ठराव पुढे ढकलला गेला. दोन महिन्यांनी झालेल्या विशेष सर्वसाधारण सभेत मी तक्ता घरी ठेवून एक गोष्ट सांगितली. ती कशी तयार केली, याचा क्रम येथे देत आहे. पालक सभा असो, वाचनालयाची बैठक असो वा कार्यालयातील सादरीकरण, रीत फारशी बदलत नाही.

सर्वप्रथम, गोष्ट संपल्यावर ऐकणाऱ्याने नेमके काय करायचे आहे ते एका वाक्यात कागदावर उतरवावे. ‘लोकांमध्ये जागृती व्हावी’ हे वाक्य त्यासाठी निरुपयोगी आहे. ‘प्रत्येक सदनिकाधारकाने पुढच्या देखभाल बिलासोबत दोन हजार रुपये भरण्यास आज सही करून संमती द्यावी’ हे वाक्य उपयोगाचे आहे, कारण त्यात माणूस, रक्कम आणि वेळ ठरलेली आहे. हे वाक्य सापडत नसेल तर गोष्ट शोधायला निघू नये.

त्यानंतरची पायरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक वक्ते तीच गाळतात. ऐकणाऱ्याचा विरोध कशामुळे आहे हे शोधावे, आणि ते सभेत नव्हे तर जिन्यात, लिफ्टपाशी, संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून ऐकावे. आमच्या सभासदांना दोन हजार रुपये जड नव्हते. दर पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते आणि त्यातील ‘सी-१’ वर्गातील इमारत तातडीने रिकामी करावी लागते. ऑडिट केले आणि आपले नाव त्या यादीत गेले तर म्हातारपणी भाड्याच्या घरात जावे लागेल, ही खरी धास्ती होती. ती कळल्यावर गोष्टीतील मुख्य पात्र कोण असावे हे आपोआप ठरले. जो माणूस ऑडिटला सर्वाधिक विरोध करत होता, त्याचीच गोष्ट सांगायला हवी होती. आधीपासून आपल्या बाजूने असलेल्या शहाण्या माणसाची कथा विरोधकाला उपदेशासारखी लागते. आपल्यासारखाच अडून बसलेला माणूस पुढे काय करतो, हे मात्र तो कान देऊन ऐकतो.

आता प्रत्यक्ष गोष्ट. एक माणूस, एक वेळ आणि एक जागा यांपलीकडे तिचा पसारा वाढू देऊ नये. मी सांगितलेली गोष्ट अशी होती. तिसऱ्या मजल्यावरील, वागळे इस्टेटमधील एका कारखान्यातून निवृत्त झालेले काका पहाटे साडेपाचला दूध गॅसवर ठेवून पेपर आला का ते पाहायला दाराशी गेले. मागे आवाज झाला. परत येऊन पाहतात तो छताचा एक पोपडा ओट्यावर पडलेला, पातेले कलंडलेले आणि दूध बर्नरवरून थेट जमिनीपर्यंत ओघळलेले. वर पाहिले तर स्लॅबची सळई उघडी पडलेली, तांबूस, बोट लावताच पापुद्रे सुटणारी. काकांनी तो तुकडा कापडी पिशवीत घातला, दुकान उघडताच खालच्या वाण्याकडे नेला आणि काट्यावर ठेवला. सव्वादोन किलो. पिशवी घेऊन ते तसेच माझ्या दारात आले आणि म्हणाले, “ऑडिटला किती म्हणाला होतात तुम्ही?”

यात ‘भयानक’, ‘दुर्दैवी’ अशी विशेषणे कोठेही नाहीत. भीती सांगावी लागत नाही. वाण्याचा काटा ती दाखवतो. अशी मोजता, हुंगता किंवा हातात धरता येईल अशी एकच वस्तू गोष्टीत असावी आणि शक्य असल्यास ती सभेत आणावी. मी ती पिशवी टेबलावर ठेवली होती.

मांडणीचा क्रम आपल्या कीर्तनाकडून शिकता येतो, पण थोडी फेरफार करून. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते आणि मग उत्तररंगात आख्यान लागते. त्या श्रोत्यांनी रात्र काढून ठेवलेली असते. आपल्याला जेमतेम चार मिनिटे मिळतात, म्हणून आख्यानाने सुरुवात करावी आणि निरूपण दोन वाक्यांत उरकावे. गाडगे महाराज (१८७६–१९५६) श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. दिवसा गाव झाडून मगच रात्री कीर्तनाला उभे राहत. या दुसऱ्या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. आपले स्वतःचे देखभाल बिल थकलेले असेल तर गोष्ट कितीही रंगवली तरी ती पडते.

खरेपणाबाबत मात्र तडजोड नको. ठाणेकरांना रेल्वेचे उदाहरण देण्याचा मोह होतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित घेऊन, साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांच्या जोरावर ३४ किलोमीटरवरील ठाण्याला आली, एवढे सांगितले की पुढे ‘फलाटावर उभ्या असलेल्या एका आजीबाई म्हणाल्या’ असे जोडावेसे वाटते. जोडायचेच असेल तर ‘समजा’ म्हणून जोडावे. खऱ्या तारखेच्या आडून कल्पित आजीबाई खपवल्या आणि एकाने जरी हटकले, तर त्या सभेत आपले खरे आकडेही संशयित ठरतात.

जिवंत माणसाची गोष्ट असेल तर त्याची परवानगी घ्यावी. नाव न घेतल्याने सोसायटीत काहीही लपत नाही. काका म्हणाले, “खुशाल सांगा, पण मी दूध गॅसवर ठेवून गेलो होतो हे सांगू नका, ही चिडेल.” दुधाशिवाय गोष्ट उभी राहत नव्हती, म्हणून काकूंचीही परवानगी घ्यावी लागली.

सरावासाठी मजकूर पाठ करू नये. दूध, पिशवी, काटा एवढ्या तीन खुणा लक्षात ठेवून चालता चालता मोठ्याने तीन-चार वेळा सांगून पाहावे. जेथे दर वेळी शब्द अडतो तो भाग बहुधा अनावश्यक असतो.

आकडे आणि कारणे गोष्टीनंतर द्यावीत, कारण तोवर ती ठेवायला श्रोत्याच्या मनात जागा झालेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो, हेच मी पहिल्या सभेतही सांगितले होते; या वेळी दोघांनी ‘मग सगळ्याच सळया तशा असतील का’ असे विचारले. त्यांना मी धास्तीचेही उत्तर दिले: वेळेत तपासले तर इमारत रिकामी न करता दुरुस्ती सुचवली जाण्याची शक्यता अधिक असते.

यानंतर तात्पर्य सांगू नये. क्षणभर थांबून, पहिल्या पायरीवर कागदावर लिहिलेले वाक्य म्हणावे आणि सहीचा कागद पुढे करावा. पेने मात्र तीन-चार न्यावीत. मी एकच नेले होते आणि ते दुसऱ्या रांगेत अडकले, तेवढ्यात मागच्या रांगेतील चौघे जेवायला निघून गेले. त्यांच्या सह्यांसाठी मला दुसऱ्या दिवशी मजले चढावे लागले.