चीनमध्ये शिकताना दोन सत्रांमधल्या सुट्टीत व्हिसा कसा सांभाळावा

चीनमधल्या विद्यापीठांचं उन्हाळी सत्र साधारण जुलैच्या सुरुवातीला संपतं आणि नवं वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं. मुलांचा निवास परवाना बऱ्याचदा शैक्षणिक वर्षाबरोबरच संपतो, म्हणजे नेमका या सुट्टीत. म्हणून ही कामं परीक्षेनंतर नव्हे, मे महिन्यातच हाती घ्या.

आधी पासपोर्ट उघडून आपल्याकडे नेमकं काय आहे ते पाहा. १८० दिवसांपेक्षा जास्त शिक्षणासाठी एक्स-१ व्हिसा मिळतो. तो फक्त देशात शिरण्यापुरता असतो. आल्यापासून ३० दिवसांच्या आत पोलिसांच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयात (मुलं त्याला पीएसबी म्हणतात) अर्ज करून निवास परवाना घ्यावा लागतो. परवान्याची मुदत शिल्लक असेपर्यंत त्यावर घरी जाऊन परत येता येतं, नवा व्हिसा लागत नाही. १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी एक्स-२ असतो आणि तो बहुधा एकाच प्रवेशाचा असतो. एकदा बाहेर पडलात की तो संपला. शेन्झेनहून हाँगकाँगला दोन दिवस फिरायला जाणं हेसुद्धा चीनबाहेर जाणंच धरलं जातं, हे कृपया विसरू नका. शिवाय भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

त्याच विद्यापीठात पुढचं वर्ष करायचं असेल तर मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी परवाना वाढवायचा अर्ज द्या. पासपोर्ट, फोटो, विद्यापीठाचं पत्र आणि राहत्या पत्त्याच्या पोलीस नोंदणीची पावती तयार ठेवा. बाकी काय लागेल ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा, कारण शहरागणिक थोडा फरक असतो. पत्र तिथूनच मिळतं आणि सुट्टीत ते कार्यालय बंद किंवा अर्धवट सुरू असतं. निर्णयाला १५ दिवसांपर्यंत लागू शकतात. तेवढा काळ पासपोर्ट पोलिसांकडे राहतो आणि हातात पावती असते. पावतीवर चीनमध्ये राहणं कायदेशीर आहे, पण विमानाने घरी येता येत नाही. तेव्हा तिकीट पासपोर्ट हातात पडण्याच्या तारखेनंतरचंच काढा. वर्षापेक्षा कमी मुदतीच्या परवान्याचं शुल्क ४०० युआन आहे, एक ते तीन वर्षांचं ८००.

पुढच्या वर्षाचं पत्र वेळेत मिळालंच नाही, तर मुदत संपण्याआधी घरी या आणि इथून नवा व्हिसा काढा. महाराष्ट्रातल्यांसाठी चीनचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. प्रवेशपत्र आणि जेडब्ल्यू २०२ हा शिक्षण व्हिसासाठीचा फॉर्म (चीन सरकारच्या शिष्यवृत्तीवाल्यांना २०१) विद्यापीठाकडून मागवून घ्या. परत गेल्यावर ३० दिवसांचा नियम पुन्हा लागू होतो.

एक्स-२ वर असाल आणि थोडे दिवस वाढवून हवे असतील तर मुदतीच्या किमान ७ दिवस आधी अर्ज करा. मिळणारी वाढ मूळ मुक्कामाच्या दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. पुढे लांब अभ्यासक्रमच करायचा असेल तर घरी येऊन एक्स-१ काढणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

सगळ्यात जपून वागायचं ते विद्यापीठ बदलताना. तुम्ही शिक्षण सोडलंत किंवा पूर्ण केलंत की विद्यापीठ पोलिसांना कळवतं. मग परवान्यावर पुढची तारीख असली तरी तो रद्द होऊ शकतो. जुन्या ठिकाणाहून सोडल्याचा दाखला, नव्या ठिकाणचं प्रवेशपत्र आणि जेडब्ल्यू फॉर्म घेऊन १० दिवसांत पीएसबी गाठा. दोन्हींच्या मध्ये काही आठवडे मोकळे जात असतील तर तात्पुरत्या मुक्कामाचा परवाना मागता येतो. कायद्यात त्याची कमाल मर्यादा १८० दिवस आहे, पण किती द्यायचे ते अधिकारी ठरवतात. एमबीबीएसच्या मुलांनी मात्र बदलाचा विचार करण्याआधी भारताचे २०२१ चे परदेशी वैद्यकीय पदवीधरांचे नियम वाचावेत. संपूर्ण अभ्यासक्रम आणि इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत झालेली असावी, अशी त्यात अट आहे. चीनमध्ये कागद जुळले तरी भारतात नोंदणी अडेल.

सुट्टीत तिथेच थांबणार असाल आणि हॉस्टेल सोडून मित्राच्या घरी राहायला गेलात, तर २४ तासांत पोलिसांकडे पत्ता नोंदवा. हॉटेलात ती नोंद हॉटेलवाले करतात. विद्यापीठाची संमती आणि परवान्यावर पोलिसांचा तसा शेरा नसताना कॅम्पसबाहेर काम करू नका, दंड ५,००० ते २०,००० युआन आहे. २४० तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत युरोपातल्या वर्गमित्रांना मिळते, भारतीय पासपोर्टला नाही, त्यामुळे तिच्यावर बेत आखू नका.

घरी येताना मूळ प्रवेशपत्र, गुणपत्रकं आणि परवान्याची छायाप्रत सोबत आणाच. वसंतोत्सवाच्या (चिनी नववर्षाच्या) सुट्टीत घरी आलेल्या मुलांना कोविडमुळे २८ मार्च २०२० पासून वैध परवाना असूनही प्रवेश बंद झाला, आणि ऑगस्ट २०२२ पर्यंत ती इथेच अडकली. कित्येकांचं सगळं सामान आणि कागद हॉस्टेलच्या खोलीतच होते.

मुदत उलटून गेलीच असेल तर दिवसाला ५०० युआन, कमाल १०,००० युआन दंड होतो. गंभीर प्रकरणात ५ ते १५ दिवस कोठडीही होऊ शकते. घाबरून लपवू नका. १२३६७ या राष्ट्रीय इमिग्रेशन हेल्पलाइनवर इंग्रजीतही बोलता येतं. तिथे विचारा आणि त्याच दिवशी विद्यापीठातल्या शिक्षकांना सोबत घेऊन स्वतः पीएसबीत जा, विमानतळावर उघड होण्याची वाट पाहू नका.